निळा ट्रक अर्ध्यावर

दादा गेला तेव्हा मी त्याचा चहा गाळत होते. कप घेऊन खोलीत आले, हाक मारली, खांद्याला हात लावला आणि कळलं. मग तो चहा मीच पिऊन घेतला. आता दिवसभर मला कोणी चहा विचारणार नाही, हे माहीत होतं. त्यानंतर शेजारच्या रुक्साना भाभीला आवाज दिला. भाभी धावत आली, "हाय अल्ला, कब हुआ?" म्हणाली आणि माझ्याआधी तीच रडायला लागली. मला काही रडू आलं नाही. आता महिना उलटून गेला, तरी अजून नीटसं आलेलं नाही.

तेरवीला त्याचे विद्यार्थी आले होते. दादा अमरावतीत फिजिक्सचे क्लास घ्यायचा, त्याच्या हाताखालून गेलेले पोट्टे आता कुठं कुठं साहेब झाले आहेत. त्यातला एक उभा राहून म्हणाला, "सर वरून कडक, पण आतून लोण्यासारखे मऊ होते." मी पंगतीत बुंदी वाढत होते, थांबलेच. बाप्पा! जन्मभर एका घरात राहिले, मला ते लोणी कधी दिसलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलतील ते बोलतील. मी मात्र जसा होता तसाच लिहिणार आहे, कारण तसा तो फक्त मलाच माहीत आहे.

दादाला एकच नाद होता. गाडीचा माणूस होणारे रोबोट. तुम्ही बाजारात पाहता तसले दोन घड्या घातल्या की झालं, असले नाही. त्याचे रोबोट बाहेरून मागवलेले, एकेकाला इतके सांधे आणि इतक्या झडपा की सोबतच्या चित्रांच्या पुस्तिकेकडे पाहूनच डोकं गरगरावं. ट्रकची केबिन दुमडून छाती होते, चाकं पोटरीत जातात, दाराच्या मागून हात निघतो. पण सगळं ठरलेल्या क्रमानं. कंबर फिरवायच्या आधी छाती ओढली की कुठंतरी कट्ट वाजलंच समजा. दादा म्हणायचा, "अडलं का जोर लावायचा नाई. एक पायरी मांगं यायचं." थंडीच्या दिवसांत प्लास्टिक कडक होतं म्हणून आधी रोबोट तळहातात धरून ऊब द्यायचा. मे महिन्याच्या दुपारी तर हातच लावायचा नाही. तेव्हा प्लास्टिक नरम पडतं आणि खिट्ट्या झिजतात. खेळण्याशी इतक्या सबुरीनं वागणारा माणूस घरच्या माणसाशी कसा वागायचा, ते आता ऐका.

मी एकदा लाल गाडीचं दार उघडायला गेले तर त्यानं हातावर चापट मारली. "नंदे, तुह्या हाताले बोटं नाहीत, उलथणे आहेत. पोळ्या लाट." त्यानंतर मला फक्त धूळ पुसायची परवानगी होती. क्लासमधल्या पोरांचंही तेच. हुशारी मारणाऱ्या एखाद्याच्या हातात भर वर्गात रोबोट द्यायचा आणि त्याला घाम फुटेस्तोवर सगळ्यांना हसवायचा.

बाबा गेले तेव्हा माझं लग्न जमवायचं काम दादाकडे आलं. आणि त्यानं एक रीत पाडली. पाहुणे पाहायला आले, पोहे झाले, माझं नाव-शिक्षण विचारून झालं की दादा कपाटातून सोनेरी रोबोट काढायचा आणि मुलाच्या हातात द्यायचा. "याची गाडी करून दाखवा. पाहू तुमची सबुरी." मुलाकडचे आधी हसायचे, त्यांना गंमत वाटायची. मग मुलगा खटपट करायचा आणि कट्ट! खांदा निखळून हातात. दादा तो तुकडा सगळ्यांना दाखवायचा, "ज्याले खेळणं सांभाळता येत नाई, तो माह्या बहिणीले काय सांभाळन?" पाहुणे अपमान गिळून उठायचे, आणि मी उष्ट्या प्लेटा उचलायची.

यातली खरी मेख अशी की सोनेरी प्लास्टिकमध्ये दमच नसतो. काही वर्षांत ते आपोआप ठिसूळ होतं, कितीही हलक्या हातानं उघडलं तरी तुटतंच. हे दादानंच मला कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. पाहुणे गेले की तो बसून खांदा डिंकानं पुन्हा चिकटवायचा. पुढच्यासाठी. त्याला माझं लग्न नकोच होतं. त्याला वेळेवर गरम भाकर हवी होती आणि ती करायला कोणीतरी हवं होतं. बस, इतकंच.

मग अकोल्याचा मुलगा आला. त्याचं बियाण्याचं दुकान होतं, सोबत आई होती. बोलायला साधा. पोहे खाताना मला म्हणाला, "तुमाले आवडतात का हे रोबोट?" तोपर्यंत मला काय आवडतं ते त्या बैठकीत कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणून मान हलवली. मला तो आवडला, सरळ सांगते. देवा, आजच्या दिवस तो खांदा टिकू दे, असं मी मनात म्हणत होते. त्यानं रोबोट घेतला, घाई केली नाही, आधी उलटापालटा करून नीट पाहिला. दादा म्हणाला, "करा ना, पोहे थंडे होऊन राहिले." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, याचा खांदा आधीच चिकटवेल आहे. डिंक दिसून राहिला. हा कोणीबी उघडला तरी तुटन."

दादाचे कान लाल झाले. "म्हणजे मी खोटारडा? माह्या घरात बसून मलेच सांगतं?"

तेव्हा मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांसमोर दादाविरुद्ध तोंड उघडलं. "हव दादा, चिकटवेलच आहे. तूच चिकटवला."

त्यानं पाहुण्यांना दार दाखवलं. मुलाची आई चपला घालताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "काहून राहतं पोरी याच्यासंग?" दार लावून दादा आत आला आणि जेवायला बसता बसता म्हणाला, "आता कोणीच येनार नाई तुले पाहायले. वाढ." त्यानं शब्द पाळला. आलेली स्थळं तो परस्पर परत पाठवू लागला, आणि मग यायचीच थांबली. अकोल्याच्या मुलाचं लग्न झालं, लेकरं झाली. सुखात असेल. असावा.

दादाला एक गोष्ट कधीच कळली नाही. तो क्लासला गेला की मी धूळ पुसता पुसता एकेक रोबोट उघडायची. गाडीचा माणूस, माणसाची गाडी, आणि जसा होता तसाच जागेवर. रोज त्याचे हात पाहून पाहून क्रम पाठ झाला होता. एकही तोडला नाही. मोठा निळा ट्रक सगळ्यात अवघड, तो तर मला दादापेक्षा झटकन जमायचा. त्याच्या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग त्याला कंपवात झाला. आधी खडू हातातून पडायला लागला, मग क्लास सुटला, मग चमचा. तरी रोबोटांचा हट्ट सुटेना. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तो उन्हात निळा ट्रक घेऊन बसला. कंबर फिरली, पाय निघाले, आणि छातीपाशी बोटं अशी थरथरायला लागली की पुढंही जाता येईना आणि मागंही. मी दारात उभी होते. त्यानं मान वर केली. "नंदे, तेवढी छाती वर घे ना. आस्ते. मी सांगतो कशी ते."

"माह्या हाताले बोटं कुठं आहेत दादा? उलथणे आहेत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुटन ना वं तो असा ठेवला तर," म्हणाला. मी त्याच्या मांडीवरून ट्रक उचलला, तसाच अर्धवट फळीवर त्याला दिसेल असा ठेवला आणि कणीक मळायला गेले. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. तो जाईस्तोवर ट्रक तिथंच होता आणि तो पलंगावरून रोज त्याच्याकडे पाहायचा.

तेरवीनंतर घर रिकामं झालं. एका दुपारी मी ट्रक खाली घेतला. तळहातात धरून ऊब दिली, छाती वर घेतली, डोकं बाहेर काढलं, दाराआडून हात सोडवले. शेवटची खिट्टी तर अशी बसली की आवाजसुद्धा नाही. निळा माणूस माझ्या हातावर उभा राहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, पाह्य ना!"

पलंगावर नुसती गुंडाळलेली गादी होती. ती खिट्टी बिनआवाजाची बसणं म्हणजे काय, हे अख्ख्या अमरावतीत एकाच माणसाला कळलं असतं, आणि त्याला मी ते जिवंतपणी पाहू दिलं नव्हतं. तेव्हा मात्र थोडं रडू आलं. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ते नाही सांगता येत.

मग मी एकेक पायरी मागं आले. हात आत, डोकं आत, छाती खाली. जिथं त्याची बोटं अडली होती तिथवर आणून ट्रक पुन्हा फळीवर ठेवला. रोज पुसते त्याला. पुरा करत नाही.