अप्पांचा उजवा हात

अप्पांना लकवा मारला तसं मी त्यांना माहेराहून, मुडबीहून, मैलूरला माझ्या घरी आणलं. उजवा हात पार लुळा पडला होता. व्यायाम शिकवायला येणारा डॉक्टर कन्नडात गोड बोलून बोटं हलवायला सांगायचा आणि अप्पा भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी पडले तापट. "अप्पा, माझ्यावर उपकार म्हणून हलवायचाय व्हय हात?" म्हणून कावायची. तरी ढिम्म.

शेवटी डॉक्टरच म्हणाला, गाणं लावून बघा. आता आमच्या अप्पांचं गाणं म्हणजे ढोल. उभा जन्म त्यांनी गावच्या धनगरी मेळ्यात ढोल वाजवला. जुन्या जत्रेतलं त्यांच्याच ढोलाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर होतं. ते लावून मी भाकरीला लागले, वळून बघते तर करंगळी हलत होती! अगं बाई, मी तवा तसाच टाकून पळत आले. मग रोज चहा झाला की अप्पा स्वतःच फोन मागायचे. बोटं उघडायची, मिटायची, मनगट उचलायचं, सगळं तालावर.

"येत्या जत्रंला मीच वाजवणार बघ," म्हणायचे.

"व्हय अप्पा, तुमच्याबिगर हायच कोण?" मी म्हणायची. मला ते खरंच वाटायचं.

जत्रा आली तेव्हा हात छातीपर्यंतसुद्धा जात नव्हता. निदान ऐकू तरी दे, म्हणून त्यांनी हट्ट धरला. चुलतभावानं गावाकडून यंदाचं रेकॉर्डिंग पाठवलं. अप्पा खुर्चीत बसले, मनगट उचललं, ढोल सुरू झाला आणि मनगट खाली आलं. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"कोण वाजवायलाय?"

"भावकीतलाच एक तरणा गडी हाय म्हणं."

"चांगला वाजवायलाय," अप्पा म्हणाले. "माझ्यापरीस चांगला."

मला असा राग आला, कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. "वाजवू दे की! आपण व्यायाम सोडायचा न्हाई," म्हणत मी त्यांचा हात धरून वर उचलायला लागले.

"राहू दे माय. आता कामून करायचा?"

"आवं, जेवायला तरी हात लागतो की न्हाई?"

"जेवायला डावा हाय की."

तोवर मी भरवायची, कारण डाव्या हातानं अन्नाला शिवायचं नाही हा त्यांचाच दंडक होता. त्या दुपारी त्यांनी ताट आपल्याकडं ओढून घेतलं आणि डाव्या हातानं भाकरी मोडली. मी समोर बसून ढसाढसा रडले, पण त्यांनी वर बघितलं नाही.