घडीच्या पोळीएवढं मैदान

हेर क्लाइन दारात उभे राहिले तेव्हा त्यांनी हॅट काढून हातात धरली होती, आणि मला वाटलं, सभेची आठवण द्यायला आले असतील. हेर म्हणजे इथले श्रीयुत, आणि हे गृहस्थ आमच्या बेसबॉलच्या फेराइनचे, म्हणजे मंडळाचे, खजिनदार. सभेच्या आधी घरोघर जाऊन आठवण देण्याची त्यांची जुनी सवय. मी म्हटलं, "या ना आत, कॉफी घेता?" ते आत आले नाहीत. म्हणाले, "फ्राऊ दाते, आज सकाळी हेर सावर्डेकर प्रयोगशाळेत..." आणि पुढचं वाक्य त्यांना जमेना. पायपुसण्याकडे बघत राहिले बिचारे. मी मूर्खासारखी विचारते आहे, "पडले का? लागलं का फार?" कारण भावजींना लागणं ही आमच्या घरात नेहमीची गोष्ट होती. यावेळी हृदयच थांबलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी.

त्याला आता काही आठवडे झाले. पुण्याच्या वाचकांना रघुनाथ सावर्डेकर हे नाव माहीत असायचं कारण नाही. ते मूळचे सांगलीचे. शिकले पुण्यात, आणि युद्ध संपल्यावर डॉक्टरेट करायला जर्मनीत आले. मग लुडविग्सहाफेनला रंगांच्या प्रयोगशाळेत चिकटले ते चिकटलेच. आमचे हे त्यांच्याच शेजारच्या टेबलावर काम करत. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा स्टेशनवर यांच्याबरोबर एक उंच, वाकड्या बोटांचा माणूस उभा होता आणि त्याच्या हातात बायकी कोट होता. "वहिनी, हा आधी घाला, नमस्कार-चमत्कार मागाहून," हे त्यांचं पहिलं वाक्य. कोट कोणाचा, ते मी विचारलं नाही. थंडीच तशी होती. नंतर कळलं, घरमालकिणीचा मागून आणला होता आणि तो परत करायचा होता. त्या दिवसापासून ते माझे भावजी झाले.

बोटं वाकडी होती ती विकेटकीपिंगमुळे. सांगलीत शाळेपासून यष्टींमागे बसायचे. इथे क्रिकेट कुठलं? पण ऱ्हाईन ओलांडली की पलीकडे अमेरिकनांची छावणी, आणि तिच्या परेड ग्राउंडच्या एका कोपऱ्यात सैनिक बेसबॉल खेळत. भावजी एका रविवारी कुंपणाबाहेर उभे राहून बघत होते ते थेट संध्याकाळी घरी आले. म्हणाले, "वहिनी, त्यांच्याकडेही एक माणूस मागे उकिडवा बसतो. त्याचं काम मला येतं." झालं. इथल्या जर्मन पोरांनी नुकताच बेसबॉलचा फेराइन काढला होता, त्यात हे महाराज शिरले. आमच्या ह्यांनाही ओढलं. आमचे हे खेळायचे कमी आणि धावसंख्या लिहायचे जास्त, ती गोष्ट वेगळी.

फेराइन वाढला तशी दुसरी फळी करायची ठरली. पहिला संघ तयार खेळाडूंचा, आणि दुसरा शिकणाऱ्यांचा, ज्यातून पुढे पहिल्यात माणसं जायची. त्या दुसऱ्या संघाची जबाबदारी भावजींनी मागून घेतली. कारखान्यातले नवशिके कामगार, एक पाववाला, एक ट्रामचा कंडक्टर अशी ती फौज. आणि मग प्रश्न आला, या संघानं मुक्काम कुठे करायचा? तुम्हाला हसू येईल, पण त्या प्रश्नानं आमच्या घरातली शांतता एका हिवाळ्यापुरती पार घालवली होती.

पहिला संघ छावणीतच खेळायचा. अमेरिकन मोठ्या मनाचे, म्हणाले, दुसराही आणा की. तिथे हिरवळ होती, जाळी होती, बाकं होती, खेळून झाल्यावर गरम पाण्याची आंघोळ होती. लढाईनंतरच्या त्या दिवसांत गरम पाण्याची आंघोळ म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच ठाऊक. हेर क्लाइन तर दोन्ही हात वर करून छावणीच्या बाजूचे. भावजीही सुरुवातीला खूष होते. पण पहिल्या सरावाला संघ घेऊन गेले तेव्हा फाटकावर प्रत्येकाला आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र, दाखवावं लागलं. पहारेकरी नाव वाचायचा, चेहरा बघायचा, आत सोडायचा. रांगेत होर्स्ट होता. विशीतला, अबोल, हात असा की चेंडू सुतासारखा सरळ जायचा. त्याचे वडील लढाईतून परत आलेच नव्हते. त्याची पाळी आली आणि त्यानं ओळखपत्र खिशात घातलं, सायकल वळवली आणि पूल ओलांडून घरी निघून गेला. नंतर नुसतं एवढंच म्हणाला, "आईला आवडणार नाही." पुढच्या वेळी आणखी दोघं आले नाहीत.

त्या संध्याकाळी भावजी आमच्याकडे आले आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. मी पिठलं ढवळत होते. मग म्हणाले, "पुण्यात शिकत असताना लष्करातल्या गोऱ्यांच्या क्लबाशी आमची मॅच व्हायची. खेळायला आत घ्यायचे. चहा मात्र आम्हाला कुंपणाबाहेर, झाडाखाली. मी शतकाजवळ आलो होतो एकदा, वहिनी, आणि माझ्या डोक्यात सगळा वेळ ते झाडच होतं." मी म्हटलं, "हे अमेरिकन तसे नाहीत हो." "नाहीतच," ते म्हणाले, "चांगलीच माणसं आहेत. पण फाटक ते फाटकच. शिकणाऱ्यांचा संघ असा कुठेतरी पाहिजे, की रस्त्यानं जाणारा माणूस कोणाला न विचारता आत आला पाहिजे. नाहीतर हा संघ दोन महिन्यांत मोडेल, आणि होर्स्ट आयुष्यात पुन्हा चेंडू हातात धरणार नाही." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की माझ्या हातातला डाव थांबला.

फेराइननं त्यांना वसंतातल्या वार्षिक सभेपर्यंत मुदत दिली. तोवर नदीच्या अलीकडे मैदान शोधा, नाहीतर छावणी. मग काय विचारता, दर रविवारी भावजी, आमचे हे आणि कार्ल्सरूहला रसायनशास्त्र शिकणारा नाशिकचा एक विद्यार्थी, अशी तिघांची वरात सायकलवरून निघायची. संध्याकाळी परत यायची ती गारठून, चिखलानं माखून आणि हिरमुसून. सगळी मैदानं लहान. फुटबॉलवाल्यांनी एकही मोठं सोडलेलं नव्हतं. एका बाजूला रेल्वेचा बांध, दुसऱ्या बाजूला कामगारांच्या भाजीच्या बागा, अशी एक तिकोनी पडीक जागा त्यांनी पहिल्याच रविवारी पाहिली होती आणि पहिल्याच रविवारी नापास केली होती. आमच्या वसाहतीच्या मागेच होती ती. "मधोमध उभं राहिलं तर चारी बाजूंना काहीच उरत नाही," आमचे हे म्हणाले. भावजींनीही मान डोलावली. यात चूक काय आहे, हे तिघांपैकी एकालाही कळलं नाही. कळणार कसं? मैदान बघायला गेलं की तिघांचेही पाय आपोआप मधोमध जायचे, जिथे पीच असतं. मग चारी दिशांना पावलं टाकायची. बेसबॉल खेळत होते अनेक वर्षं, पण जमीन बघताना तिघंही आपापल्या गावच्या मैदानावरच उभे असायचे.

सभेच्या आदल्या रविवारी तिघं जेवायला होते. नाशिकचा मुलगा म्हणत होता, आल्झो, म्हणजे तर मग, छावणी तर छावणी, काय करणार. भावजी जेवत नव्हते, नुसतं चिवडत होते. मी गरम पोळी वाढली. इथलं पीठ मैद्यासारखं, त्यामुळे माझ्या पोळ्या बंडखोर. घडी घातली की उलगडायच्या नाहीत, उलगडली की घडी व्हायची नाही. म्हणून मी तव्यावरून काढतानाच चौघडी घालून ताटात टाकते. त्या दिवशी एक जरा करपली होती. भावजींना करपलेलीच आवडायची, म्हणून ती त्यांच्या ताटात गेली, टोक त्यांच्याकडे. ते बघत राहिले. मग लोणच्याची फोड उचलून त्यांनी टोकावर ठेवली. दुसरी फोड एका कडेवर, तिसरी दुसऱ्या कडेवर, चौथी मध्ये.

"अरे, जेव आधी," आमचे हे म्हणाले.

"दाते," भावजी म्हणाले, "आपण गाढव आहोत."

फलंदाज मधोमध उभा राहत नाही हो. तो टोकाला उभा राहतो. तिथून दोन कडा पंख्यासारख्या उघडतात आणि सगळा खेळ त्या दोन कडांच्या आत. छावणीत भोवती एवढी हिरवळ होती की ती सगळीच लागते, असं तिघांना वाटत राहिलं. लागत होती फक्त चौघडी पोळी. आणि बांध आणि बागांचं कुंपण जिथे मिळतं, तो कोपरा काटकोनात होता... ताट तसंच टाकून तिघं उठले. नाशिकच्या मुलानं तर आंचवलंही नाही. मी सज्जातून बघितलं तर तीन शिकले-सवरलेले रसायनतज्ज्ञ त्या पडीक जागेच्या कोपऱ्यात बांधाला पाठ लावून उभे होते आणि समोर हात पसरून एकमेकांना काहीतरी दाखवत होते. आमची मीना तेव्हा लहान होती, तिनं मला जर्मनमध्ये विचारलं की बाबांना काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, मैदान सापडलंय.

सभा गास्टहाउसच्या, म्हणजे गावातल्या खानावळीच्या, मागच्या खोलीत. भावजींनी मला डबा घेऊन बोलावलं होतं, आणि मी लाजेनं अर्धी झाले होते. जर्मन सभा म्हणजे आधी अहवाल, मग हिशेब, मग विषय. आमचा विषय आला तेव्हा भावजी उठले आणि त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक चौघडी पोळी दिली. बियरचे पेले बाजूला सरकवून ती गंभीर माणसं टोक आपल्याकडे करून पोळी धरून बसली, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. हेर क्लाइन म्हणाले, "जमलं, मान्य. पण चेंडू कोबीत गेला तर? बागवाले आपल्याला फाडून खातील." भावजी म्हणाले, "जो चेंडू आणायला जाईल, तो तिथलं तण काढून येईल." लोक हसले. मग भावजींनी होर्स्टचं नाव न घेता फाटकाची गोष्ट सांगितली. त्यांचं जर्मन व्याकरणात लंगडं होतं, पण खोलीत कोणी पेला उचलला नाही. हात वर करायची वेळ आली तेव्हा हेर क्लाइननी आधी आपल्या हातातली पोळी संपवली, रुमालाला बोटं पुसली आणि हात वर केला. त्यांच्या मागोमाग बाकीचे. सगळे नाहीत, पण पुरेसे.

होर्स्ट पहिल्याच शनिवारी आला. त्याची आई घडीची खुर्ची घेऊन बागांच्या कुंपणाशी येऊन बसली. सरावभर एक शब्द बोलली नाही आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आली. बागवाल्यांचं तण त्या वर्षी इतकं निघालं की ते चेंडूची वाट बघायला लागले. आणि पुढे छावणीतली पलटण बदलली, मैदान दुसऱ्या कामाला गेलं, तेव्हा पहिला संघ आपल्या गरम पाण्यासकट बेघर झाला आणि दुसऱ्या संघाकडे पाहुणा म्हणून आला. भावजींनी यावरून हेर क्लाइनना कधी टोमणा मारला नाही. मी मारला. मला राहवत नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. आई सांगलीहून बोलवायची, भावजी म्हणायचे, "हा सीझन संपू दे." मी रागवायची, "भावजी, तुम्हाला घरी कोणी विचारायला नको का?" तर म्हणायचे, "गेनाऊ, अगदी बरोबर, वहिनी. म्हणून तर शनिवारी तुमचा डबा लागतो." दर शनिवारी मी संघाला पोळ्या पाठवायची. जर्मन पोरं त्यांना जॅम फासून खायची, बघवत नसे. एक करपलेली वेगळी, भावजींची. ती डब्यात सर्वांत वर असायची आणि तिला कोणी हात लावत नसे.

ते गेल्यावर दोन दिवसांनी शनिवार होता. होर्स्ट आता दोन मुलांचा बाप आहे आणि दुसऱ्या संघाला तोच शिकवतो. काहींनी त्याला सराव रद्द करू या म्हटलं, तो नाही म्हणाला. मी पोळ्या केल्या. हाताला सवय, एक तव्यावर जास्त ठेवली गेली, आणि मग मी तिथेच ओट्यापाशी उभी राहून रडले. डबा घेऊन गेले. पोरांनी आपापली पोळी घेतली, कोणी जॅम मागितला नाही. करपलेली तशीच राहिली, ती मी परत आणली. पुढच्या शनिवारी तसंच. आमचे हे म्हणाले, "अगं, कशाला करतेस आता?" मला न करता येत नव्हती, एवढंच.

गेल्या शनिवारी डबा बाकावर उघडा होता. संघ मैदानात. बांधावरच्या पायवाटेनं एक माणूस खाली उतरला. कारखान्यात हल्ली तुर्कस्तानातून कामाला येतात, त्यांच्यातला असावा. कामाचे कपडे, मिशी, हातात टोपी. थोडा वेळ उभा राहून बघत राहिला. मग त्याची नजर डब्याकडे गेली. पोळी बघून त्याचा चेहरा असा उजळला, जसा इथे कोणाचाच कधी पोळी बघून उजळला नव्हता. आणि त्यानं सरळ वरची, करपलेली, उचलली आणि खाल्ली.

मैदान थांबलं. पाववाला धावत यायला लागला, त्याला होर्स्टनं हातानं अडवलं. त्या माणसाला कळलं की काहीतरी चुकलं. तोंडात घास, तो माझ्याकडे बघतो आहे, हात अर्धा वर. मी म्हटलं, "खा हो, खा." मराठीतच म्हटलं. त्याला समजलं. होर्स्ट जवळ आला, आपला हातमोजा काढून त्याच्या पुढे धरला आणि कोपऱ्याकडे, टोकाकडे, बोट दाखवलं. तो मनुष्य बोटं पँटला पुसत, कोणाला काही न विचारता, तिकडे चालत गेला.

येत्या शनिवारी मी दोन करपवणार आहे.