मामांच्या खोलीतले साहेब लोक

दीड वर्षाच्या पोराने एका वाटीतलं पाणी दुसऱ्या वाटीत न सांडता ओतलं, तर ती बातमी सगळ्या गावाला कळलीच पाहिजे असं मानणारा पृथ्वीवरचा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझे मोठे मामा. इतरांना आनंद होतो, मामांना आनंद चढतो. तो चढला की ते खोलीतून लंगडत बाहेर येतात आणि वलगावच्या रस्त्यावर जो पहिला माणूस दिसेल त्याला थांबवतात. एकदा परतवाड्याकडे निघालेली गच्च भरलेली काळीपिवळी जीप त्यांनी हात दाखवून थांबवली. ड्रायव्हरला वाटलं, सवारी आहे. "कुठं जाचं, काका?" "मले कुठं नाई जाचं. आरतीनं आज आपल्या हातानं चप्पल घातली! उलटी घातली, पन घातली!" ड्रायव्हर त्यांच्याकडे पाहतच राहिला. मागच्या सीटवरच्या एका म्हातारीने मात्र मान बाहेर काढली. "उलटी काहून घातली पन?" झालं. मामांनी खिडकीत कोपर टेकलं आणि डावी-उजवी कळायला लेकराला किती काळ लागतो, ते तिला समजावायला सुरुवात केली. मागे एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता. म्हातारी निघताना म्हणाली, "सरळ घातली की सांगजा बरं," आणि मामांनी तिला खरोखरच तिचं गाव विचारून घेतलं.

मामा लेकरं सांभाळण्यात पडले ते काही ठरवून नाही. ते अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. तिथे पायावर रुईची अवजड गाठ पडली आणि डावा पाय कायमचा अधू झाला. पुढे जिनिंगच बंद पडली. ते वलगावला परत आले तेव्हा मामी नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात शिलाईला जायला लागली होती आणि घरात रांगता नातू होता. नापिकीची ती वर्षं वऱ्हाडात कुणी विसरलेलं नाही. मोठ्या शहरांतून गाड्या भरून माणसं यायची, कोरड्या वावरांचे फोटो काढायची, अहवाल लिहायची. शेत पोसत नाही म्हणून घरातली बाई पहाटे कारखान्याच्या गाडीत चढते, एवढं त्यांना दिसायचं. चढताना तिच्या कडेवरचं लेकरू कुठे उतरतं, हे एकानेही विचारलं नाही. ते मामांच्या ओट्यावर उतरत होतं! आधी शेजारणीचं, मग तिच्या जावेचं, मग मोहल्ल्यातलं. ओटा पुरेना तेव्हा बुद्धविहाराला लागून असलेली खोली मिळाली. मी तेव्हा अमरावतीच्या कॉलेजात शिकत होते आणि मामांकडेच राहत होते. आमच्या घरी चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले, त्यामुळे एक मिशीवाला माणूस लेकरांची नाकं पुसतो आहे आणि त्याची बायको कमावून आणते आहे, हे दृश्य पाहून माझं रक्त सळसळलं. मी म्हटलं, "मामा, ही क्रांती आहे!" मामा म्हणाले, "असन. पन आधी ते लंगोट काढ दोरीवरचे, वावधान सुटून राहिलं."

मामांच्या राज्यात दीड ते तीन वर्षांच्या सर्व नागरिकांना 'साहेब' आणि 'मॅडम' म्हटलं जायचं. "साहेब, तुमाले शी लागली काय?" "मॅडम, ते तुमचं नाक हाये, त्यात तूर घालू नका." बोबडं बोलायला सक्त मनाई होती. भूभू नाही, कुत्रं. मंमं नाही, पाणी. एकदा गावातले एक पुढारी आले आणि रेहान नावाच्या दोन वर्षांच्या नागरिकासमोर वाकून म्हणाले, "अले अले, माजं शोनुलं ते!" मामांचा चेहराच उतरला. "भाऊ, नीट बोला. हे साहेब बोलनं शिकून राहिले, आन् तुमच्याच तोंडाकडं पाहून शिकून राहिले. उद्या सभेत हे असेच बोलले तर कोन मत देईन?" पुढारी सावरून म्हणाले, "नमस्कार, रेहान साहेब." रेहान साहेबांनी नमस्कार स्वीकारून वरणाचा हात त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पुसला. मामा कौतुकाने म्हणाले, "पाहा, हात पुसनं शिकले."

पण मामांची खरी साधना म्हणजे हातावर बसणं. हे अलंकारिक नाही. कुणी पोर सदरा घालायला धडपडत असलं, किंवा पेल्यातलं पाणी तोंडापर्यंत नेताना थरथरत असलं, की मामा चटकन दोन्ही तळवे स्वतःच्या बुडाखाली घालून त्यांवर बसायचे. "माह्या हाताईचा भरोसा नाई," ते म्हणत. "सोडले की धावतेत मदतीले. आन् मी घालून देल्ला सदरा तर शिकलं कोन? मी? मले तर येते." असं बसून ते घामाघूम व्हायचे. रेहानने डोकं बाहीतून काढायचा प्रयत्न केला की मामांची मान आपोआप त्या दिशेने वळायची, रेहान अडकला की मामांचा श्वास अडकायचा, आणि शेवटी डोकं गळ्यातून बाहेर आलं की मामा हात सोडवून अशी टाळी वाजवायचे की विहारातली कबुतरं उडायची. मामीला मात्र या साधनेबद्दल अजिबात आदर नव्हता. सुटीच्या दिवशी ती खोलीवर यायची. एकीकडे आरती ओट्यावरून वाटी खाली टाकतेय, मामा उचलून देताहेत, ती पुन्हा टाकतेय, असा दरबार चाललेला. मामी म्हणे, "अवो, पोचे पडले त्या वाटीले!" मामा म्हणत, "प्रयोग सुरू हाये. दर खेपेले खालीच पडते का एखांद्या खेपेले वर जाते, हे पाहून राहिली ते." "मंग सांगून टाका न तिले, खालीच पडते म्हनून!" "तुले कोनं सांगतलं होतं?" यावर मामी वाटी घेऊन निघून जायची आणि मामा प्रयोगासाठी ताटली आणायचे.

आणि मग ती लंगडण्याची साथ आली. झालं असं की एका सकाळी आरतीची आई तिला कडेवरून उतरवून पाहते तर पोरगी डावा पाय ओढत चालतेय. दुसऱ्या घरी रेहान तसाच. दोन दिवसांत अर्ध्या गावाची लेकरं लंगडत होती. पोलिओच्या थेंबांचे दिवस ते, बायकांच्या काळजाचं पाणी झालं. नर्सबाई खोलीवर धावत आल्या, पाय दाबून पाहिले, गुडघे वाकवून पाहिले. काही सापडेना. तेवढ्यात बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजली आणि सगळे साहेब लोक उठून दोन्ही पायांनी सरळ, सुसाट पळाले. कुल्फीवाला गेला, ते परत फिरले आणि उंबरठा ओलांडताच पुन्हा लंगडू लागले. नर्सबाईंनी लेकरांकडे पाहिलं, मग मामांच्या पायाकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसून पोट धरून हसल्या. मोठं माणूस म्हणजे लंगडून चालतं, एवढंच लेकरांनी या खोलीत शिकून घेतलं होतं. मला वाटलं, मामा ओशाळतील. मामांचे डोळे भरून आले होते, पण ते आनंदाने. "मी एक अक्षर शिकोलं नाई वं! नुसतं पाहून! किती बारीक पाह्यतेत पोट्टे!" ही बातमी त्यांनी स्वतः अमरावतीच्या बसमध्ये चढून सांगितली.

तीच बातमी सनाच्या दादीपर्यंत पोचली. सना ही नसरीनची मुलगी, दिवसभर मामांच्याच खोलीत असायची. नसरीन मामीच्याच कारखान्यात शिलाईला होती. नवऱ्याची हमाली कधी लागायची, कधी नाही, त्यामुळे घर तिच्या मशीनवर चालायचं. सना दीड वर्षाची होऊन गेली तरी पाऊल टाकत नव्हती. भिंत धरून उभी राहायची, सगळीकडे पाहायची, आणि बसून घ्यायची. दादी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि मामांच्या तोंडावर म्हणाली, "भैय्या, बुरा मत मानो, पन लंगडे के पास रहेगी तो लड़की चलेगी कैसी? ईद तक देखती मैं. नहीं चली तो बहू घर बैठेगी और बच्ची को संभालेगी." नसरीन मागे उभी होती. तिने सनाला घट्ट धरलं. आयुष्यात प्रथमच मामांना बाहेर जाऊन कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही. त्या दिवसापासून लेकरांसमोर ते उठेनासे झाले. बसल्या जागेवरून सरकत वाढायचे, सरकतच पुसायचे. मला संताप आला. मी म्हटलं, "अपमान सहन करू नका, मामा!" ते म्हणाले, "अपमानाचं नंतर पाहू. सनानं पाय तरी कोनाचे पाहावे? तू चालत जा तिच्यासमोर, सरळ." म्हणून कॉलेज बुडवून मी त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या.

आणि एका दुपारी, बाकीचे साहेब लोक झोपलेले असताना, सनाने भिंत सोडली. समोर डब्याचं एक झाकण पडलं होतं, उन्हात चमकत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मामा केव्हाच हातांवर बसले होते. एक पाऊल, मग दुसरं, मग थांबून विचार, मग घाईघाईत पुढची सगळी! डुगडुगत, पण दोन्ही पायांवर सारखी! ती झाकणावर जाऊन बसली आणि आमच्याकडे अशी पाहायला लागली, जशी रोजच चालत होती. मी तोंडावर हात दाबून नाचत होते. चपला घातल्या, दादीच्या घरी धावायचं, कारखान्याच्या गेटवर निरोप द्यायचा, सगळं ठरवून टाकलं. मामाही उंबरठ्यापर्यंत पोचले होते. रस्त्याने एक ओळखीचा सायकलवाला चालला होता. मामांनी त्याला हात केला, तोंड उघडलं, आणि मिटलं. "काई नाई, जा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "कोनाले सांगू नको."

"का? आज सांगितलं तर खोली वाचते. नसरीनचं काम वाचतं!"

"आज चालली म्हंजे दोन रोजात घरीबी चालन. लेकराचं पयलं पाऊल मायचं असते, बाई. ते तिकडं मशीनवर बसून हाये. पैशासाठी बसली म्हनून हे बी तिच्या हातून जावं काय?"

"आणि ईदपर्यंत घरी नाही चालली तर? मामा, खरं ते सांगायला पाहिजे!"

"तुया पत्रकात छाप खरं," मामा म्हणाले, "पन नसरीनच्या पोरीच्या पावलाले हात लावू नको." संध्याकाळी नसरीन आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घरी तिले भिंतीपाशी उभी करा आन् तुमी जरा दूर बसा. मंधात काई ठेवू नका."

त्या संध्याकाळी घरी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सना खोलीभर जहागीरदारासारखी फिरत होती आणि मामांची तारांबळ उडाली होती. गाडीचा आवाज आला की तिला उचलून मांडीवर दाबून धरायचं, तिने पाय झाडायचे, नसरीनने विचारायचं, "मामू, गुस्सा काहून करून राहिली ही?" आणि मामांनी म्हणायचं, "गरम होते वाटते." असे मामा मी कधी पाहिले नव्हते. पोटात एवढी मोठी बातमी ठेवून ते दोन दिवसांत वाळले. ईद जवळ येत होती, आणि मी मनात रोज दादीला सत्य सांगून टाकत होते.

मग एका सकाळी नसरीन गाडीच्या वेळेच्या खूप आधी धावत आली. ओढणी एका खांद्यावर, सना कडेवर. "मामू! चली! कल चली! दरवाजेसे मेरे तक! मैंने देखा, मामू, सबसे पैले मैंने!" मामांनी आयुष्यात कधी नाटक केलं नव्हतं, हे त्या दिवशी अख्ख्या आळीला कळलं. "काय! सांगता! काय!" ते ओरडले, छातीवर हात ठेवला आणि धाडकन खाली बसले. मामी पाणी घेऊन धावली, तिला वाटलं, यांना काहीतरी झालं. दादी मागून सावकाश आली, सनाला खाली उभं केलं, तिचे पाय निरखले, आणि जाहीर केलं, "मेरे तेल की मालिश." मग जरा थांबून म्हणाली, "रहने दो इदर. चलती तो है." मी दात आवळले. मामा दादीला म्हणत होते, "तेल कोनतं वं ते? आमालेबी सांगा."

नसरीनचं घर नंतर अकोल्याला गेलं, पण दरवर्षी ईदनंतर ती डबाभर शीरखुर्मा घेऊन मामांकडे येते. सना आता शाळेत जाते, दोन वेण्या घालते आणि आईची ही गोष्ट सुरू झाली की लाजून बाहेर पळते. नसरीन दरवर्षी सांगते, दरवाजापासून आपल्यापर्यंत, आणि मामा दरवर्षी थक्क होतात. पहिली काही वर्षं मला हसू दाबावं लागायचं. आता मामा थकलेत, नावं विसरतात, खोलीवर कमी जातात. यंदा नसरीन निघून गेली. मग मामांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पोरी, ते सना आपल्या खोलीत चालली होती का वं आधी? मले तसं काई तरी वाटते."

मी म्हटलं, "नाही मामा. घरीच चालली. नसरीनने पाहिलं."

"मंग बरं," मामा म्हणाले, आणि शीरखुर्म्याची वाटी पुढे ओढली.