तोंडवलीतला दुसरा पेला

कोर्ट डॉक्टरला शहाणा म्हणून बोलावतं आणि वेडा ठरवून परत पाठवतं. सरकारी दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर याची सवय व्हायला हवी होती. मला अजून संतापच येतो.

तोंडवलीच्या वळणावर एका पर्यटकाच्या गाडीने किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला निघालेल्या सायकलस्वाराला उडवलं. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाडीवाल्याचं रक्त मीच काढलं, पण पोलीस त्याला घेऊन आले तोवर दुपारची संध्याकाळ झाली होती. रक्तात दारू निघाली. कोर्टाला हवं होतं ते वेगळंच: धडकेच्या वेळी ती किती होती? शरीर दारू साधारण एकाच वेगाने जिरवतं, त्यामुळे उलटा हिशेब करत मागे जाता येतं. मी आकडेमोड करूनच गेलो होतो. गाडीवाला सुटत नव्हता.

मग जखमी माणसाची बायको साक्षीला उभी राहिली. धडकेनंतर गाडीवाला थरथरत पहिल्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरला होता, आणि ते घर तिचंच होतं. वळणापलीकडे कोण पडलंय हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. भेदरलेल्या माणसाला आमच्याकडे नुसतं पाणी देत नाहीत. तिने घरची काजूची दारू दिली. तो आधीच प्यालेला होता का, वास आला का, असं विचारल्यावर म्हणाली की खळंभर काजूची पिकलेली बोंडं पडली होती, वास कसला कळणार. किती दिली, या प्रश्नावर तिने वकिलालाच खुळ्यात काढलं.

“ओतताना कोण मापता?”

झालं. मागाहून पोटात गेलेली दारू वजा केल्याशिवाय माझा हिशेब मागे सरकत नाही, आणि न मोजलेलं वजा कसं करायचं? आरोपीच्या वकिलाने माझ्याकडून ‘ठामपणे सांगता येणार नाही’ हे पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. पाय गेला त्याचा, आणि संशयाचा फायदा ह्याला.

बाहेर बाकावर तिचा नवरा कुबड्या घेऊन बसला होता. ती माझ्याजवळ आली.

“डॉक्टरांनू, मी खोटा बोलूक होया होता?”

खरं सांगतो, मला तिचाच राग आला होता. तरी नाही म्हणालो. नवरा म्हणाला, दारात आलेल्याला ती काय हाकलून देणार होती? ते नव्हे, अशी तिने मान हलवली.

“पयलो पेलो मी दिलंय. पोलीस येतत म्हटल्यार दुसरो तेनाच मागून घेतल्यान. ता माका कोणी विचारूकच नाय.”

पोलीस येणार कळल्यावर वरून दारू मागतो तो आधीची झाकायलाच. मी धावत पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढलो. शिपाई पुढच्या खटल्याची नावं पुकारत होता.