पणज्यानं जिंकल्यालं घर

आमच्या सोप्यात, घड्याळाच्या खाली, इटली हाय. फोटूत माझा पणजा फौजी कपड्यात ताठ हुबा. मागं दोन मजली घर, जिना, कुंड्या. आबा, म्हंजे माझा आजा, आल्यागेल्याला सांगायचं, "आमच्या बानं म्हायुद्धात, इटलीत जिंकल्यालं घर!" मी त्यांची लय नक्कल करायचो. छाती फुगवायची, नसल्याली मिशी पिळायची, अन् 'जिंकल्यालं'वर काठी आपटायची. पावण्यांस्नी च्याच्या आदी मी मिळायचो.

परवा गावानं ठरवलं, शाळेच्या हॉलात जुन्या फौजींचं फोटू लावायचं. आबांनी लगीच फोटू उतरवला, धोतरानं पुसला. सबंध गावाम्होरं बाचा मान! खालचा मजकूर लिवायचं काम माझ्याकडं.

"लिव, इटलीतलं घर."

आदी मी मोबाईलवर फोटू मोठा करून बघितला. पणज्याच्या बुटामागं भिंतीला चुणी पडली हुती.

"आबा, इटलीत भिंतीला इस्त्री करत न्हाईत व्हय?"

"काय बडबडतोस रं?"

दाखवलं. जिना जिथं जमिनीला टेकायचा, तिथं कापडाची कड अन् बांबू. कोपऱ्यात साताऱ्याच्या स्टुडिओचा पुसट शिक्का. आवं, ह्यो तर रंगवल्याला पडदा! लढाईला जायच्या आदी काढल्याला फोटू.

आता काठी बसणार, म्हणून मी सरकून बसलो. पण आबांनी काठी बाजूला ठिवली. मग म्हणालं, "म्हंजे हॉलात मी खोटं टांगणार हुतो?"

जरा येळानं त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढाय लावली. लुगड्याच्या तुकड्यात पणजीचा फोटू निघाला. तेच घर, त्याच कुंड्या, तीच चुणी. कडेवर उघडंनागडं, रडणारं पोर.

"ह्यो मी," आबा म्हणालं. "बा लढाईवर, तवा आईनं काढला. एक त्याला धाडला, एक ठिवला. म्हणायची, 'तुझा बा ज्या घराम्होरं हुबा हाय, त्याच घराम्होरं मी हुबी राह्यले.' मला वाटायचं, ही इटलीला गेल्ती! बा परत आला, पण लढाईचं नाव काढायचा न्हाई. इचारणार कुणाला?"

"पण दोन फोटू कवा शेजारी ठिवलं न्हाईत?"

"बाचा भिंतीवर. आईचा ट्रंकंत."

"मग आबा, तुमीबी इटली जिंकली की! तेबी चड्डी न घालता!"

आबा एवढं हसलं की कवळी हातात घ्यावी लागली.

ऐतवारी दोन्ही फोटू घिऊन आमी हॉलात. सरपंच म्हणालं, "आवं आबा, ह्यो फौजींचा हॉल. बाईचा फोटू कशाला?"

आबांनी छाती फुगवली. मिशी पिळली. माझीच नक्कल करत्यात असं वाटाय लागलं.

"लढाईत दोघंबी ह्याच घराम्होरं हुबी हुती," त्यांनी काठी आपटली. "लावायचं तर दोन्ही लावा. न्हाईतर आमचं घर आमी परत नेतो."

दोन्ही लागलं. मजकूर मी लिवला: घर साताऱ्याचं, कापडाचं. माणसं खरी.