आढीतले टोमॅटो
पिकत्या आंब्यांच्या आढीतल्या गवताचा वास आला की तो वैशाख आठवतो. रत्नागिरीत मी नवी सून होते. परसात मी लावलेले मोठ्या जातीचे टोमॅटो उन्हाच्या काहिलीत हिरवेच रखडले होते. सासूबाई म्हणाल्या, "आठवड्यात पिकले नाहीत तर उपट आणि अळू लाव." मी चार टोमॅटो गुपचूप आढीत दडवले. आंबे काढताना मामंजींच्या हाती लालबुंद टोमॅटो आला. "हा हापूस कुठल्या कलमाचा गो?" ते हसत सासूबाईंना म्हणाले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "माझ्या झाडाचा," मी म्हटलं, "पुढल्या वर्षी लहान जातीचे लावीन, ते लवकर पिकतात. पण ही झाडं उपटणार नाही." सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. ते मला अजून लागतं. पण बोललेलं मी आजही मागे घेत नाही.