येळवशीला तीस फुटांवरून

हेलिकॉप्टरला हॉर्न असतो का, असं मला आजवर किती जणांनी विचारलं असेल, देव जाणे. संतपूरच्या बाजारात चहाला टेकलो की कुणीतरी बाकावर सरकून बसतंच. "पायलटसाब, वरनं आमचं शेत दिसायचं का हो?" दुसरा लगेच, "पोराच्या लग्नात फुलं टाकायला मिळंल का एखादं? डिझेल आमी घालतो." मी 'नाही' एवढंच म्हणतो आणि कप रिकामा करतो. लोकांना तो माझा मोठेपणा वाटतो. मणक्यांनी दगा दिला म्हणून चोपन्नाव्या वर्षी नोकरी सोडून गावी आलो, त्याचंही त्यांना काही नाही. वर असताना काय वाटायचं ते सांगा म्हणतात. काय वाटायचं? कंबर दुखायची.

ही चिडचिड मी दिवसभर पुरवून वापरतो. तिच्या आड लपायला बरं पडतं.

खरी गोष्ट येळवशीची आहे. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोपी उभी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भाज्या आणि ओल्या दाण्यांची मिसळून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. दुपारी आमच्यात घरची सून आंबिलाची घागर घेऊन शेताला फेरी घालते, घरधनी मागून आंबील शिंपडत आरोळ्या देतो. आई गेल्यापासून तो मान माझ्या वैनीचा.

अठरा वर्षांपूर्वी तो मान तिच्याकडून गेला. फेरी घालते ती धाकटी चुलतसून. वैनी चुलीपाशी बसते, शेजारी पाण्याची भरलेली बादली. आणि दर वर्षी अण्णा, माझा थोरला भाऊ, पंगतीत तेच बोलतो, "हिला हेलिकॉप्टर तेवढं दावू नका रे." लोक हसतात. वैनी भज्जी हलवत राहते. मी जेवत राहतो.

त्या वर्षी असं झालं होतं. निवडणुकीचे दिवस, आणि नेमकी येळवस. एका उमेदवाराला बीदरला सोडून मी रिकामं मशीन घेऊन हैदराबादला परत निघालो होतो, एकटाच. अण्णा मला नेहमी म्हणायचा, "तुजं काम म्हंजे ड्रायव्हरचंच की रे. वरचा ड्रायव्हर." हे डोक्यात बसलेलं. म्हटलं, दहा मिनिटं वाट वाकडी करू. बघू दे एकदा. परवानगी नव्हती, मागितलीही नव्हती.

खाली हिरवी ज्वारी, जागोजागी कोप्या. आमची ओळखली. तीस फुटांवर आणून थांबवलं. माणसं बाहेर पळत आली, पदर, टोप्या धरून वर बघत होती. अण्णा हात हलवत होता. मी आहे हे त्याला कळलं नाही. काचेवर ऊन होतं.

आता जे सांगतो ते नीट ऐका. हेलिकॉप्टर हवेत राहतं ते हवा खाली लोटून. ती हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पळते. सभेच्या जागी कार्यकर्त्यांनी चुन्याचं वर्तुळ काढलेलं असायचं आणि शेजारी वडे तळणं चालू. मी उतरायचोच नाही. चूल विझवा, मगच खाली येतो. त्यावरून माझं नाव तिरसट म्हणून पडलेलं. आणि माझ्याच शेतात, जिथं चूल असणार हे मला जन्मापासून ठाऊक, तिथं मी अर्धं मिनिट तरंगत राहिलो.

वळून निघालो तेव्हा मागं धूर दिसला. हुरडा भाजत असतील, असं मनाला सांगितलं.

संध्याकाळी अण्णाचा फोन आला. कोपी गेली, सोयाबीनच्या भुसकटाची गंजी गेली. बैल सोडवताना त्याचा उजवा हात भाजला. त्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. "कुनाचं तरी इलेक्शनचं आलतं," तो म्हणाला, "आन् ही बया चूल सोडून बघायला पळाली. निखारे उडाले. अक्कल न्हाई." मग म्हणाला, "तुमच्यात कोन हाय रे असलं, इतकं खालनं न्हेनारं?"

मी म्हणालो, "चौकशी करतो."

लायसन जाईल म्हणून गप्प बसलो. पुढं लायसनचा प्रश्न उरला नाही, तरी गप्पच. सवय झाली.

यंदाच्या येळवशीला अण्णानं पुन्हा तोंड उघडलं, "हिला हेलिकॉप्टर..." आणि मी हातातला उंडा ताटात ठेवला.

"अण्णा, ते हेलिकॉप्टर माझं होतं. मीच आणलं होतं. आग माझ्यामुळं लागली."

 अण्णाच पहिला हसला. "वैनीवर पांघरून घालायलास व्हय? कामून? इतक्या वर्सांनी?"

"पांघरूण नाही. खरं सांगतोय."

"काका, तेवढ्या वरनं वारं टोप्या उडवंल, चुलीतले निखारे उडवंल व्हय?" पुतण्या म्हणाला. दोन लेकरांचा बाप आहे, पण अक्कल बापाचीच. मी ताट उलटं धरून दाखवलं, हवा कशी खाली येते, कशी पसरते. राख फुंकून दाखवली. चुलतभाऊ म्हणाला, "राहू द्या हो साब, जेवा." अठरा वर्षं मी भीत होतो की सगळे मला धरतील, आणि इथं कुणी विश्वास ठेवायलाच तयार नाही! कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

विश्वास ठेवला तो एकटीनं. वैनी उठली. हातातला पळा माझ्यापुढं धरला.

"मंग भावजी, आता तुमी बसा हितं."

मी बसलो. तिनं पदर खोचला, चुलतसुनेपाशी जाऊन हात पुढं केले, घागर घेतली.

"अगं, कुटं निघालीस? चूल?" अण्णा ओरडला.

"चुलीपाशी पायलट हाईत की," ती म्हणाली. मागं न बघता बांधाला लागली.

अण्णा ताटावर तसाच बसून राहिला. उजव्या हाताकडं बघत होता. हळूच म्हणाला, "किती फुटांवर व्हतास?"

"तीस."

"मी हात हलवायलतो तुला."

"बघितलं होतं मी."

 अण्णा उठला, आंबिलाचा तांब्या डाव्या हातात घेतला आणि वैनीच्या मागं चालू लागला. ती पार तुरीच्या पट्ट्यापर्यंत पोचली होती. पहिली आरोळी त्यानं दिली तेव्हा त्याचा आवाज फुटला नाही, दुसरी बरी निघाली.

धुरानं माझे डोळे चुरचुरत होते. भज्जी बुडाला लागायला आली होती. तेवढ्यात त्या टोकाच्या बांधावरून अण्णा ओरडला, "चूल सोडू नको रे!"

"न्हाई सोडत," मी ओरडलो, आणि बादली जवळ ओढली.